कडब्याची कोप आणि मांजरेची आठवण

माणूस गेला तर काय करायचे, हे प्रत्येक समाजाला ठाऊक असते. दारात माणसे जमतात, त्या घरची चूल बंद राहते, शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात. कुठे दहावा-तेरावा असतो, कुठे उठावणा असतो. दुःख मोठे असले तरी त्याला बसायला जागा असते आणि उठायला दिवस असतो. परंतु नदी आटली, रस्त्याकडेची जुनी चिंच एका दुपारी कापली गेली, गावची विहीर कायमची कोरडी पडली, तर कोणी कोणाच्या दारात जाऊन बसावे? या दुःखाला सुतक नाही आणि सांत्वनाला येणारा शेजारीही नाही, कारण त्याचेही तेच गेलेले असते.

गेल्या काही दशकांत जगात ठिकठिकाणी लोकांनी या प्रश्नाला एक साधे उत्तर शोधले. हानी झालेल्या जागी सर्वांनी मिळून जायचे, तिथेच पडलेल्या काटक्या, दगड, पाने, माती यांतून काहीतरी घडवायचे आणि ते तिथेच ठेवून परतायचे. कलावंत एक आणि प्रेक्षक हजार असा प्रकार त्यात नाही. येणारा प्रत्येक जण हात लावतो. अभ्यासक तिला सहभागाची कला म्हणतात. हे उत्तर नवे वाटते खरे. पण मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेडहून लातूरला जाणाऱ्या प्रवाशाला त्याचे एक जुने, मातीत मुरलेले रूप बांधाबांधावर दिसू शकते. पाहणाऱ्याने मात्र गाडीतून उतरले पाहिजे.

गोदाकाठची घागर

प्रवासाचा आरंभ नांदेडच्या घाटावरून करावा. महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, ज्याची आजची वास्तू उभी राहिली, त्या तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिबची एक परंपरा आहे. रात्री दोनच्या सुमारास, शहर गाढ झोपेत असताना, सेवेकरी घागर घेऊन गोदावरीवर जातो आणि तिचे पाणी आणून पहाटेच्या सेवेला देतो. पावसाळा असो, कडाक्याची थंडी असो, या फेरीत खंड नाही.

भाविकाला यात भक्ती दिसेल आणि ती आहेच. पण आणखीही एक गोष्ट त्यात आहे. जो रोज नदीवर जातो, त्याला नदीची प्रकृती कळते. पाणी कधी मागे सरकले, त्याला वास कधी येऊ लागला, जलपर्णी कधी पसरली, हे घाट उतरणाऱ्या पावलांना आधी समजते. नळ आल्यापासून शहराचा आणि नदीचा हा रोजचा संबंध सुटला. नांदेडच्या गोदावरीत सांडपाणी मिसळते, तिच्यात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात आणि त्या वाचून माणसे पान उलटतात. रोजची भेट नसलेल्या आप्ताचे दुखणे जसे ऐकीव राहते, तसेच हे. शोक करायचा तर आधी ओळख हवी, हा या प्रवासातला पहिला धडा घाटावर मिळतो.

सावली गेलेला रस्ता

नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असे करीत रस्ता लातूरला पोहोचतो. नागपूर-तुळजापूर या राष्ट्रीय महामार्गाचाच हा भाग. रुंदीकरणानंतर गाड्या सुसाट धावू लागल्या, प्रवासाचा वेळ वाचला, अपघातग्रस्ताला दवाखाना जवळ आला. हे सारे मान्य केलेच पाहिजे. पण ज्यांनी हा रस्ता एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे, त्यांच्या मनात तो अजून दुतर्फा लिंब, वड आणि चिंचांच्या कमानीतून जातो. त्या कमानी आता नाहीत. एसटी बंद पडली की प्रवासी ज्या झाडाखाली बसत, बैलगाड्या जिथे सुटत, बाजाराला निघालेल्या बाया जिथे पाटी उतरवून घटकाभर टेकत, ती सावली रस्त्याच्या पोटात गेली.

ही हानी साधी नाही. लातूर जिल्ह्याच्या भूभागापैकी एक टक्काही वनाच्छादित नाही. जिथे जंगलच नाही, तिथे रस्त्याकडेची रांग हेच सामान्य माणसाचे अरण्य होते. झाडे तोडली त्या दिवशी कंत्राटाप्रमाणे काम झाले, लाकडाचा लिलाव झाला, रक्कम जमा झाली. सावलीची रक्कम कोणत्याच रकान्यात लिहिली गेली नाही, कारण तसा रकाना नव्हता. हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही हे पटेल की, जे नुकसान वहीत चढत नाही त्यासाठी तरतूदही होत नाही. बुडीत रक्कम बुडीत म्हणून मान्य करणे हीच पेढी सावरण्याची पहिली पायरी असते. निसर्गाच्या बाबतीत समाजाने ही पायरीच गाळली आहे. शोक म्हणजे त्या नोंदीचे दुसरे नाव म्हणता येईल.

मार्गशीर्षाच्या अखेरीस याच रस्त्यावर माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे आणि तमाशाच्या राहुट्या यांनी माळ फुलून जातो. यात्रेची गर्दी मागे टाकून अहमदपूरच्या पुढे आले की काळी रानं सुरू होतात आणि एक वेगळेच दृश्य दिसू लागते. भर कामाच्या दिवशी रस्ते रिकामे, दुकाने बंद. आणि शेतांत मात्र माणसेच माणसे.

येळवस

लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि लगतचा बिदर-कलबुर्गीचा पट्टा यांत मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या साजरी होते. बोलीत तिला येळवस म्हणतात. कन्नडमधील एळ्ळ अमावस्येशी तिचे नाते आहे. मराठवाड्याच्या उरलेल्या भागात नसलेला हा सण लातूरकरांच्या जिवाभावाचा. या दिवशी लातुरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. १९१७ साली उभ्या राहिलेल्या गंजगोलाईत, जिथे एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथे अघोषित संचारबंदी असावी तशी शांतता पसरते. शहर उठून रानात गेलेले असते. ज्याला शेत नाही, त्याला आमंत्रण असते. आमंत्रण नसले तरी चालते. बांधाजवळ थांबलेल्या अनोळखी माणसालाही हाक येते, "या की पाव्हणं, बसा. येळवसेला बांधावरून कुणी उपाशी जात नसतंय."

शेताच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून छोटी कोप उभारतात. तिच्यावर घरातली शाल किंवा नवे लुगडे पांघरतात. आत मातीने सारवलेल्या जागेवर पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावतात, वर हळदी-कुंकवाचे बोट ओढतात. हे पाच पांडव आणि त्यांच्यासोबत लक्ष्मी. समोर ज्वारीची कणसे, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, ऊस आणि मातीच्या बोळक्यात उतू घातलेले दूध. दूध कोणत्या बाजूने उतू गेले यावरून म्हातारी माणसे पुढच्या हंगामाचा अंदाज बांधतात. मग कोणी भज्जी, उंडे आणि आंबिलीचे मडके घेऊन पिकातून चालू लागतो, चारी बाजूंना शिंपडतो आणि मागची पोरे मोठ्याने पुकारा करतात. याला चर शिंपणे म्हणतात. शेताने वर्षभर दिले, त्यातले पहिले घास शेताला परत.

जेवणातही रानच असते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, बोरे, शेंगदाणे, हाताला लागेल त्या पालेभाज्या आणि शेंगभाज्या बेसनात एकजीव करून शिजवलेला तो एक घनदाट प्रकार. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांत ती गाजराविना आणि लसणाविना होते आणि चवीला उणी पडत नाही. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि घटाघटा प्यावी अशी थंड आंबील.

कला म्हणून याकडे कोणी पाहत नाही. तरीही सहभागाच्या कलेची सारी लक्षणे इथे आहेत. ती उघड्यावर आहे. ती त्याच भूमीच्या पिकातून घडते. लहान पोर दगडाला चुना लावते आणि आजी पेंढी बांधते. आणि संध्याकाळी ती तिथेच सोडून माणसे घरी येतात. कोपीवर कोणाची सही नसते. चार दिवसांनी गुरे तिचा कडबा खातात, पाच पांडव पुन्हा बांधावरचे दगड होतात.

तहानेचे वर्ष

येळवस मुळात शोकाचा सण नाही; ती कृतज्ञता आहे. मग शोकाशी तिचा संबंध कोणता? तो समजण्यासाठी २०१६ सालाकडे वळावे लागते.

२०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ हुकले होते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करीत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळणारी मांजरा नदी लातूरच्या पट्ट्यात नुसती वाळूची रेघ उरली होती. धनेगावच्या मांजरा धरणात उचलण्याजोगे पाणी नव्हते. २०११च्या जनगणनेनुसार पावणेचार लाखांहून अधिक लोकवस्तीचे शहर टँकरच्या रांगेत उभे राहिले. मार्चमध्ये पाणीसाठ्यांच्या परिसरात १४४ कलम लावावे लागले. पाचहून अधिक माणसांनी पाण्याजवळ एकत्र येणे हा गुन्हा ठरला. भरल्या घरात पाण्याचे भांडे कुलपात ठेवावे, तसे ते दिवस होते.

मग १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली रेल्वे लातूरला आली. दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर कापून आले होते. एरवी तेल वाहणाऱ्या या टाक्या राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन पाठविल्या होत्या. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. तिला 'जलदूत' असे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या माणसांनी मांजरेकाठच्या माणसांना पाजलेले ते पाणी लातूरने विसरू नये असेच होते.

त्या टंचाईच्या वर्षातही येळवस आली होती. जानेवारी २०१६. रब्बीची ज्वारी कित्येक रानांत उगवलीच नव्हती, उगवली तिथे गुडघ्याच्या वर गेली नव्हती. सणावर दुष्काळाचे सावट, असे वृत्तपत्रांतून येत होते. तरी ज्यांना जमले ती माणसे रानात गेली. जुन्या कडब्याची कोप झाली, पाच दगडांना चुना लागला, भेगाळलेल्या जमिनीवर आंबील शिंपडली. जे पीक नव्हते, त्याच्याभोवतीही प्रदक्षिणा झाली. कृतज्ञतेचा सण त्या दिवशी न बोलता शोकाचा झाला. विधी तोच, साहित्य तेच, माणसे तीच. फक्त समोरची जागा रिकामी होती आणि ती रिकामी आहे हे सर्वांनी एकत्र उभे राहून पाहिले. आजारी आईच्या उशाशी बसायला औषध माहीत असावे लागत नाही.

शोकाने पाणी येते का, असा रोखठोक प्रश्न कोणी विचारील. येत नाही. परंतु पाहिलेली हानीच माणसाला हलविते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात 'जलयुक्त लातूर' या नावाने नागरिक एकत्र आले, वर्गणी जमली, आणि साई ते नागझरी या टप्प्यात मांजरेच्या सुमारे १८ किलोमीटर पात्राचे रुंदीकरण-खोलीकरण हाती घेतले गेले. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक कोरड्या पात्रात उतरले. नळामुळे सुटलेली नदीची ओळख त्यांना तिच्या कोरड्या तळाशी परत मिळाली. पावसाळ्यात आभाळ फुटले, धरण भरले, रेल्वे थांबली.

आणि त्यानंतर विसरही पडू लागला. पाणी आले तसा ऊस पुन्हा डोलू लागला, घरोघरी बोअर आणखी खोल गेले. दुःखाची नोंद पक्की नसली की तेच नुकसान नव्या तारखेने पुन्हा येते.

धोंडी आणि स्तंभ

मराठवाड्याला शोकाची आणखीही रूपे ठाऊक आहेत. पावसाने ओढ दिली की गावातली मुले कमरेला लिंबाचे डहाळे बांधून दारोदार फिरतात. ही धोंडी. घरातली बाई त्या हिरव्या पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते, सुपातून धान्य घालते आणि गोळा झालेल्या शिध्याचे मारुतीच्या देवळापाशी एकत्र जेवण होते. ज्या घरात प्यायला पाणी पुरत नाही, ते घरही एक तांब्या रिता करते. या गोष्टीत जे कारुण्य आहे ते मोठमोठ्या व्याख्यानांत सापडत नाही. काही ठिकाणी मुसळाला जिवंत बेडूक बांधण्याची रीत असे. ती मात्र सोडावी. एका जिवाच्या तहानेसाठी दुसऱ्याला कोरडे टांगणे पाऊस मागणाऱ्याला शोभत नाही. मातीचा बेडूक करूनही धोंडी निघू शकते आणि तो करण्यात मुलांचे हात अधिक रमतील.

लातूरहून औशाच्या बाजूने दक्षिणेला गेले की किल्लारी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथे धरणीकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली झोपेतच गेली. लातूर-धाराशिवमधील बावन्न गावे पूर्णतः उद्ध्वस्त झाली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. नवी गावे वसली, जुने गावठाण ओसाड राहिले. तिथे स्मृतिस्तंभ आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला माणसे जमतात, मानवंदना होते, नातलग फुले वाहतात.

स्तंभ सरकारने बांधला. पण त्याला अर्थ दिला तो वर्षाच्या वर्षाला येणाऱ्या माणसांनी. न चुकता येणारी तारीख, ठरलेली जागा आणि हातात काहीतरी घेऊन येणारी माणसे, या तीन गोष्टींनी दुःख सोसण्याजोगे होते, हे लातूरने किल्लारीत शिकले. माणसांसाठी जे शिकले ते नदीसाठी, झाडासाठी करायला काय हरकत आहे?

दूरची उदाहरणे, जवळचे नाते

बाहेरच्या जगात लोकांनी नेमके हेच केले आहे. आइसलँडमधील 'ओक' ही हिमनदी इतकी वितळली की २०१४ मध्ये तज्ज्ञांनी तिला हिमनदी म्हणणेच थांबविले. १८ ऑगस्ट २०१९ रोजी सुमारे शंभर माणसे तो डोंगर चढून गेली आणि लेखक आंद्री स्नायर मॅग्नासन यांच्या मजकुराची पाटी त्यांनी खडकावर बसविली. भावी पिढ्यांना लिहिलेले ते पत्रच होते. काय घडते आहे आणि काय करायला हवे हे आम्हाला ठाऊक होते, अशी कबुली त्यात आहे. अमेरिकेत ट्रेबी जॉन्सन यांनी २००९ मध्ये 'रॅडिकल जॉय फॉर हार्ड टाइम्स' हा उपक्रम सुरू केला. त्यातील माणसे जून महिन्यात खाणींनी पोखरलेल्या, जळालेल्या, प्रदूषित झालेल्या जागी जातात, तिथे निवांत बसतात आणि सापडेल त्या वस्तूंतून पक्ष्याची आकृती मांडून येतात.

जर्मनीतील कासेल शहरात योझेफ बॉइस या कलावंताने १९८२ साली संग्रहालयासमोर बेसॉल्टच्या ७००० दगडांचा ढीग रचला. एक ओक लावायचा आणि त्याच्याशेजारी ढिगातला एक दगड उभा करायचा, असा नेम होता. ढीग जितका उरला तितके काम बाकी, हे येता-जाता कोणालाही दिसे. १९८६ मध्ये बॉइस वारले; शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. शिल्लक रकमेचा इतका उघड ताळेबंद क्वचितच कोणी मांडला असेल. आणि तो दगड बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद.

इतक्या दूर न जाताही लातूरच्या शेजारी बीडजवळ पालवण येथे १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी वृक्षसंमेलन भरले. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर उभ्या राहिलेल्या सह्याद्री देवराईत ते झाले. वृक्षदिंडी निघाली आणि अध्यक्षपद दिले गेले ते एका वडाला. अध्यक्षीय भाषण न होणारे ते संमेलन असावे. पण ज्याच्या सावलीत बसायचे त्यालाच मानाचे आसन देण्यात मराठी मनाची जुनी रीत होती.

क्षमा कोणाची मागायची

प्रतिक्रमणाला बसणाऱ्याला या साऱ्यात परके काही वाटू नये. तिथे क्षमा केवळ सोयऱ्या-धायऱ्यांची मागितली जात नाही. पृथ्वीकाय, अप्काय, अग्निकाय, वायुकाय आणि वनस्पतिकाय जिवांचीही आलोचना होते. माती, पाणी, झाड ही साधने नव्हेत, ती जीव आहेत. त्यांना दुखविले तर दोष लागतो, आणि दोष मोठ्याने उच्चारल्याखेरीज पुढचे प्रत्याख्यान पोकळ ठरते. झालेले सांगणे, त्याबद्दल खंत वाटणे आणि पुढे न करण्याचा नेम घेणे, हा क्रम आहे. शोकाच्या कलेचा क्रमही हाच. फरक इतकाच की स्थानकात किंवा मंदिरात बसून ज्यांची क्षमा मागितली जाते, ते पाणी आणि ती माती बहुधा समोर नसतात. येळवसेच्या कोपीपुढे ती समोर असतात.

म्हणूनच आज कोपीविषयी काळजी वाटावी अशी गोष्ट घडते आहे. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. सोयाबीनने अनेकांच्या हाती पैसा दिला, हे नाकारता येत नाही; पण ज्वारीचे रान आकसत गेले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गुरे कमी झाली. आता येळवसेसाठी चार पेंढ्या दुरून मागवाव्या लागणारी घरे आहेत. उद्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीची कोप झाली तर भज्जी तीच राहील, आंबीलही तीच राहील, छायाचित्रेही छान निघतील. पण शेताने स्वतःच्या अंगाचे काही दिलेले नसेल. हानी सांगण्याची भाषा ज्या पिकातून उगवत होती, तेच पीक हरवले तर पुढच्या दुष्काळात माणसे कोणत्या भाषेत बोलतील? शेताच्या एका कोपऱ्यात तरी ज्वारीच्या चार ओळी पेरणे, हा आता केवळ शेतीचा प्रश्न उरलेला नाही.

सहावा दगड

दिवस कलतो. कोपीभोवतीची सतरंजी झटकली जाते, डबे रिकामे होतात, मुले बोराच्या झाडाखालून हाका मारूनही येत नाहीत. अंधार पडू लागला की पेंढीची मशाल करून पिकाभोवती फिरवितात, तो हेंडगा. अंधारात चहूबाजूंच्या रानांत या ज्योती हलताना दिसतात. आगीत किडा-मुंगी सापडेल म्हणून काही घरे हेंडगा न पेटविता पणती लावून नमस्कार करतात, तीही प्रदक्षिणाच.

या जुन्या सणात एक लहानशी भर घालता येईल. पाच पांडवांना चुना लावून झाला की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, "आजी, या वर्षी आपल्या रानातून काय गेलं?" कोणी म्हणेल, बांधावरचा लिंब. कोणी म्हणेल, विहिरीचे पाणी. कोणाला माळढोक आठवेल, कोणाला रस्त्याची सावली. मग घरातल्या सर्वांत लहान मुलाने त्याच रानातला एक दगड उचलून आणावा आणि पाचांच्या शेजारी ठेवावा. त्याला चुना लावू नये, कुंकू लावू नये. तो दगड कोणाचा हे मुलाला सांगावे आणि गेलेल्याच्या बदल्यात एक नेम घ्यावा: एक रोप, एक शेततळे किंवा उसाचा एक वाफा कमी. पुढच्या येळवसेला नेम पुरा झाला असेल तर त्या दगडालाही चुना लागेल. नसेल तर तो तसाच काळा राहील आणि सर्वांना दिसेल.

यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही, व्यासपीठ लागत नाही. नांदेडचा सेवेकरी जसा रोज घागर घेऊन नदीवर जातो, तसे वर्षातून एकदा सहकुटुंब आपल्या रानात जायचे आणि काय उरले, काय गेले ते एकमेकांना सांगायचे. परतीच्या रस्त्यावर अहमदपूरच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला नव्याने लावलेली रोपे गाडीच्या उजेडात क्षणभर दिसतात. अजून ती कोणाला सावली देत नाहीत. मागच्या आसनावर झोपलेल्या एखाद्या पोराच्या मुठीत मात्र रानातला एक काळा दगड घट्ट धरलेला असावा.